डाव्या मडगार्डवरचा पोचा

माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, चाळीस वर्षं गाड्यांचे पोचे काढतायत. त्यांच्याच शेडमध्ये मी एकोणतीस वर्षं रंग मारतोय. इतकी वर्षं एका छपराखाली काढली की माणूस आरपार कळतो, असं लोक म्हणतात. लोकांना काय जातंय म्हणायला. मला हा माणूस अजून कळलेला नाही, आणि त्या हिरव्या गाडीनंतर तर जेवढा कळला होता तेवढाही हातचा गेला.

शेडमध्ये येणारे-जाणारे त्यांना चाचपेराव म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्यांना ते चालतं. कारण हा माणूस डोळ्यांनी बघतच नाही, हातानं चाचपतो. गाडी आली की डावा तळवा पत्र्यावर टेकवायचा, मान भलतीकडे वळवायची आणि गाडीभोवती एक फेरी मारायची. फेरी संपली की सांगायचं, हा दगड लागलाय, हा खांब, हे सायकलचं हँडल, आणि इथे तुम्ही स्वतः लाथ मारलीय. गिऱ्हाईक कानकोंडं होतं, कारण लाथ खरंच मारलेली असते.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हाही हेच. ताईशी धड दोन वाक्यं बोलले नाहीत, पण लोखंडी कपाटावरून हात फिरवला आणि वडिलांना म्हणाले, "हे कपाट जिन्यावरून पडलंय." ते मी पाडलं होतं. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि घरात कुणालाही पत्ता नव्हता. वडिलांना जावई तिथल्या तिथे पसंत पडला आणि मला त्या संध्याकाळी फटके पडले. तेव्हापासून माझं आणि दाजींचं फारसं जमत नाही. रोज भेटतो म्हणून बोलतो, एवढंच.

त्यांची आणखी एक खोड सांगायला हवी, कारण पुढे त्याच खोडीत ते अडकले. गंजलेला पत्रा कापला की ते तो टाकून देत नाहीत. प्रत्येक तुकड्यावर खडूनं लिहितात, 'डावं दार, खाली', 'डिकी, उजवा कोपरा', आणि गोणीत भरून ठेवतात. गाडी द्यायच्या दिवशी किल्लीबरोबर ती गोणीही गिऱ्हाइकाच्या हातात. "तुमचं काय काय काढलं ते बघून घ्या." गिऱ्हाईक गोणी घेतं आणि पहिल्या वळणावर फेकून देतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. दाजींना सांगितलं तर म्हणतात, "त्यांनी फेकली तर फेकू दे. मी लपवलं तर नाही ना काही."

तर ती हिरवी गाडी. पन्नासेक वर्षांपूर्वीची, गोल गुबगुबीत मडगार्डं, पुढे दोन मोठे दिवे. दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत आणली होती आणि सोबत एक बाई होत्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, ताठ, चष्मा गळ्यात दोरीनं अडकवलेला. गाडी त्यांच्या यजमानांची. ते जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि त्याआधी आजारपणात सहा वर्षं गाडी ताडपत्रीखाली पडून होती. ताडपत्रीनं गाडी वाचते असं लोकांना वाटतं. उलट आत ओल धरते आणि गंज निवांत बसून जेवतो. दारांच्या खालच्या कडा बोट लावलं की बिस्किटासारख्या तुटत होत्या. मागच्या सीटखाली मी हात घातला, तो थेट जमिनीला लागला.

बाई म्हणाल्या, "सगळं करा. पत्रा, रंग, सगळं. कालच घेतल्यासारखी दिसली पाहिजे." मग डाव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डपाशी गेल्या. त्याच्या वरच्या फुगीर भागावर एक पोचा होता. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "फक्त हा राहू द्या."

दाजींना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "हा काढायचा ना?"

"हा राहू द्यायचा."

"का हो?"

"मिस्त्री, राहू द्या म्हणजे राहू द्या." तो आवाज असा होता की मी हातातला ब्रश खाली ठेवला. मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, "बाकी काही बिघडलं तर मी बोलणार नाही. पण हा गेला तर मला ही गाडी नको. शब्द द्या."

दाजींनी शब्द दिला. देताना चेहरा असा, जसं एखाद्या न्हाव्याला सांगावं, सगळे केस काप, पण एवढी बट ठेव, आणि कारण विचारू नकोस.

बाई परगावी बहिणीकडे राहत होत्या, दोन-अडीच महिन्यांनी चक्कर मारणार होत्या. इकडे दाजींचं डोकं फिरायला सुरुवात झाली. शब्द दिला त्याचं काही नाही, पण तो पोचा त्यांना वाचता येईना. दिवसातून वीस वेळा जाऊन चाचपायचे. "कशानं पडलाय रे हा?" मला विचारायचे. मला काय ठाऊक. मी रंगवाला. "ठोकर म्हणावी तर कुठे घडी नाही. दगड म्हणावा तर मध्यावर टोक नाही. रुंद आहे, उथळ आहे, कडेकडेनं आपोआप मिटत गेलाय. काही लागलेलंच नाही याला. मग पडला कसा?"

मलाही एक गोष्ट खटकली होती, ती मी बोललो नाही, कारण दाजींना फुकट मदत करायची मला सवय नाही. त्या पोच्यातला रंग बाकी गाडीपेक्षा पातळ आणि तुकतुकीत होता. उन्हानं रंग मरतो, पांढरट होतो. इथे उलटंच, रोज कुणीतरी फडक्यानं पुसल्यासारखी चकाकी. मी आपला म्हटलं, असेल काहीतरी, आणि सगळ्या गाडीबरोबर तोही रंग पत्र्यापर्यंत घासून काढला. अर्धी गोष्ट त्यांच्या हाताला कळली होती, अर्धी माझ्या डोळ्यांना. दोघांनी मिळून एक अख्खा मूर्ख तयार झाला.

गंजाचं काम दाजी जसं करतात तसं मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलं नाही, हे मात्र कबूल करायला हवं. बाकीचे लोक भोकावर पत्र्याचं ठिगळ मारतात, वर पुट्टी थापतात आणि मोकळे होतात. दोन वर्षांत ठिगळाखालून गंज पुन्हा वर येतो. दाजी गंज जिथे संपतो त्याच्यापुढे दोन बोटं चांगला पत्रासुद्धा कापतात. मग पुठ्ठ्याचा साचा, साच्यावरून नवा पत्रा, तो वाळूच्या पिशवीवर ठोकून ठोकून गोल करायचा, जागेवर बसवून बघायचा, काढायचा, पुन्हा ठोकायचा. वेल्डिंगचा एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, तिसरा भलतीकडेच, म्हणजे पत्रा एका जागी तापून वाकडा होत नाही. एका दाराची खालची कड म्हणजे चार दिवस. आणि हे सगळं करताना ताई फाटकावरून हाक मारून जाते, ते यांच्या कानावर पडत नाही.

ताई कपडे शिवायच्या कारखान्यात जाते. सहा वाजता सुटते, सहा-दहाला आमच्या फाटकासमोरून जाते. रोज थांबते, हाक मारते, "येते हो," आणि घरी जाते. दाजी गाडीच्या पोटात असतात, नाहीतर ग्राइंडर चालू असतो. मीच हात वर करतो. एकोणतीस वर्षं हे असंच चाललंय. ताईला विचारलं तर म्हणते, "त्यांनी ऐकावं म्हणून कुठे मारते? मला सवय झालीय."

दुसरा महिना सरत आला तेव्हा डाव्या मडगार्डची पाळी आली. खालची कड पूर्ण सडलेली. दाजींनी ती कापली, तुकड्यांवर खडूनं लिहिलं, नवी पट्टी जोडली. मग आतून लोखंडी ठोकळा आणि वरून हातोडी घेऊन जोड सपाट करायला बसले. मी शेजारीच दार घासत होतो आणि आमचं भांडण चाललं होतं. विषय काय, तर शेडचं गळकं छप्पर कुणी बघायचं. ते म्हणत होते तू बघ, मी म्हणत होतो छप्पर तुमच्या डोक्यावर गळतं, तुम्ही बघा. तोंडानं भांडण चालू आणि हातानं टक, टक, टक. चांगलं रंगलं होतं. मी एक जोरदार मुद्दा काढला आणि उत्तरच येईना.

वळून बघतो तर दाजींचा तळवा मडगार्डवर, वरच्या फुगीर भागावर. हात मागे, पुढे, पुन्हा मागे. हातोडी खाली पडलेली.

"काय झालं?"

"गेला," ते म्हणाले.

मी हात फिरवला. मडगार्ड कारखान्यातून आल्यासारखं गोल. कुठे कणभर खोलगटपणा नाही. हात जोडावरून वर सरकला होता, वाटेत पोचा आला होता, आणि हातानं चाळीस वर्षं जे केलं तेच केलं होतं. त्याला कुठे माहीत होतं शब्द दिलाय म्हणून.

दाजी उलट्या डब्यावर बसले. मला वाटलं शिव्या देतील, मला नाहीतर छपराला. तर म्हणाले, "मला कळलंसुद्धा नाही रे." त्या माणसाचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला.

"त्यात काय एवढं," मी म्हटलं, "परत पाडा."

आम्हाला ते सोपं वाटलं, हीच आमची अक्कल. एक तर तो पोचा नेमका कसा होता यावरच एकमत होईना. मी म्हणालो ताटलीएवढा, ते म्हणाले परातीएवढा. समोरचा टायरवाला म्हणाला दोन होते. भंगारवाला म्हणाला, पोचा उजव्या बाजूला होता, आणि शपथ घ्यायला तयार. फोटो कुणाकडेच नाही. चकचकीत गाडीचा फोटो माणूस काढतो, पोच्याचा कोण काढेल.

आणि दाजींनी पाडलेला प्रत्येक पोचा म्हणजे अपघात. रबरी हातोडी मारली, अपघात दिसला. वाळूची पिशवी आदळली, मोठा अपघात. पाडायचा, हात फिरवायचा, मान हलवायची, काढायचा. दहा दिवस हेच. चाळीस वर्षं पोचे काढणाऱ्या माणसाला एक पोचा पाडता येईना. जेवणाचा डबा जसाच्या तसा घरी परत जायला लागला. शेवटी ताईनं मला गाठलं. "ह्यांना काय झालंय? काल माझ्या हातातली कढई घेतली आणि तिच्या बुडावरून हात फिरवत बसले."

मी दाजींना सरळ मार्ग सांगितला. "बाईंना सांगा, गंज वरपर्यंत गेला होता, कापावा लागला. त्यांना काय कळणार आहे?"

"आणि गोणी?"

"गोणीचं काय?"

"गोणीत तो तुकडा नाही ना. त्या विचारतील, कापला तर कुठाय? माझ्या गोणीवर लोक विश्वास ठेवतात."

कुणी ठेवत नाही, लोक ती फेकून देतात, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी ते गिळलं.

बाई आल्या त्या दिवशी दाजी सकाळपासून आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बसले होते. बाई मडगार्डपाशी गेल्या. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. दुसऱ्या बाजूला जाऊन उजवं मडगार्ड बघून आल्या, आपणच बाजू चुकलो की काय म्हणून. गोंधळल्याच होत्या.

"बाई, माझ्याकडून गेला," दाजी म्हणाले. "गंजानं नाही. मीच काढला. चुकून. शब्द दिला होता, आणि गेला."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दोन बोटं त्या गोल पत्र्यावर ठेवली आणि तशाच उभ्या राहिल्या. मी उगीचच एक धुतलेला ब्रश पुन्हा धुवायला घेतला.

मग म्हणाल्या, "इथे हे बसायचे."

त्यांच्या शाळेसमोर. यजमान नकाशे काढायच्या कचेरीत होते, पाचला सुटायचे आणि बाईंना न्यायला यायचे. शाळा साडेपाचला सुटायची, पण वह्या तपासता तपासता बाईंना सहा व्हायचे. तोवर हे गाडीच्या बाहेर, डाव्या मडगार्डवर टेकून बसलेले. बावीस वर्षं. "मी रोज ओरडायचे. म्हटलं, पत्रा बसेल, आत बसा ना. तर म्हणायचे, आत उकडतं. थंडीतसुद्धा आत उकडतं म्हणायचे. आणि बसला पत्रा शेवटी. त्यांना दाखवला तर म्हणाले, बघ, किती उशीर करतेस तू." बाईंनी बोटं उचलली. "त्यांचे कपडे मी देऊन टाकले. चष्मा कुठे ठेवला गेला, सापडत नाही. म्हटलं हे तरी राहील. पत्रा कुठे जातोय."

मला पायाखालची जमीन गिळेल तर बरं असं झालं. तो तुकतुकीत रंग म्हणजे त्यांच्या पँटची घासण होती, बावीस वर्षांची, आणि मी ती एका सकाळी चहाच्या आत पॉलिश पेपरनं घासून टाकली होती. हे मी बाईंना सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

दाजी इतका वेळ खाली मान घालून उभे होते. आता ते क्षमा वगैरे मागतील असं मला वाटलं. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "वजन किती होतं त्यांचं?"

मी डोळे मिटून घेतले. बाईंनाही कळेना हा काय प्रश्न. पण प्रश्नाला उत्तर द्यायची शिक्षकांना सवय असते.

"आधी बहात्तर," त्या म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "शेवटी अठ्ठेचाळीस."

"बहात्तरच धरू," दाजी म्हणाले. "दोन महिने द्या."

बाईंनी हो म्हटलं की नाही ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. त्या नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि मग निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दाजी भंगारवाल्याच्या काट्यावर उभे राहिले. साठ किलो. मी म्हटलं, मी बसतो, मी चांगला नव्वद आहे. म्हणाले, "तू बसलास तर पोचा नाही पडणार, मडगार्ड पडेल." मग त्यांनी बारा किलोचे लोखंडी ठोकळे मोजून पिशवीत भरले. आतल्या अंगानं पत्रा हलक्या हातानं ठोकून जरा पातळ, जरा सैल करून घेतला. म्हणाले, बावीस वर्षं आपल्याकडे नाहीत, एवढी लबाडी चालेल. मी त्यावर गंज धरू नये म्हणून लाल प्रायमरचा एक हात मारला. गाडी फाटकाकडे तोंड करून लावली, कारण शेडमध्ये तेवढीच जागा होती. आणि संध्याकाळी साडेपाच वाजता हातोडी ठेवून दाजी डाव्या मडगार्डवर टेकून बसले, मांडीवर ठोकळ्यांची पिशवी घेऊन.

येणारा-जाणारा थांबून विचारायचा, चाचपेराव, काय चाललंय? "काम," ते म्हणायचे. टायरवाल्यानं ठरवून टाकलं की यांचं डोकं गेलं. मी म्हटलं गेलं तर गेलं, माझं दार घासायचं राहिलंय.

सहा-दहाला ताई आली. नेहमीसारखी फाटकाशी थांबली, हाक मारायला तोंड उघडलं, तर समोर दाजी. गाडीवर बसलेले, तिच्याकडेच बघत असलेले. तिचं तोंड उघडंच राहिलं. दाजींनाही काय करावं सुचेना. एकोणतीस वर्षांत ही वेळ आलीच नव्हती. शेवटी ते हसले.

रात्रीचं जेवण व्हायच्या आत ताईचा मला फोन. "अरे, ह्यांना बरं नाहीये का? मला बघून हसले."

मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते ठीक आहे. पण हसले का?"

मग हे रोजचंच झालं. पहिल्या आठवड्यात ताई गडबडीनं निघून जायची. दुसऱ्या आठवड्यात फाटकाच्या आत येऊन पँटला लागलेल्या लाल प्रायमरवरून दाजींना झापायला लागली. "दोन पँटींची वाट लावलीत. निदान खाली फडकं तरी घ्या." दाजी म्हणाले, फडकं घेतलं तर पत्र्यावर भार नीट येत नाही. तिसऱ्या आठवड्यात तिच्या पिशवीतून तिसऱ्या माणसाला न देता शेंगदाणे निघायला लागले. तिसरा माणूस म्हणजे मी. एकदा कारखान्यात जादा काम लागलं, सात वाजले तरी ती आली नाही. रोजची बसायची वेळ कधीच होऊन गेली होती. मी म्हटलं, "दाजी, उतरा आता, झालं आजचं." म्हणाले, "पत्रा अजून बसतोय." पत्रा तिकडे बसत होता आणि यांचे डोळे फाटकाला चिकटलेले. मी सरळ विचारलं, ताईची वाट बघताय का? तर माझ्याकडे असे बघायला लागले, जसा मी परकी भाषा बोललो. खरंच कळलं नाही त्यांना. मीही मग नाद सोडला.

पोचा मात्र पडला. कसा, ते मला सांगता येणार नाही, कारण रोज बघणाऱ्याला काही दिसत नाही. एक दिवस हात फिरवला आणि तो तिथे होता. रुंद, उथळ, कडेकडेनं मिटत गेलेला. कुठे घडी नाही, टोक नाही. दाजींनी मडगार्डच्या दोन्ही बाजूंनी तळवा फिरवला आणि पहिल्यांदाच मान हलवली नाही. मग मी रंग चढवला, गर्द हिरवा, सात हात, प्रत्येक हातानंतर पाण्यानं घासून. पोच्याला जपून. आयुष्यात पहिल्यांदा मी खड्ड्याला पुट्टी न लावता रंग दिला, आणि सांगतो, हात शिवशिवत होता.

बाई आल्या तेव्हा थंडी पडायला लागली होती. गाडी अशी दिसत होती की टायरवाला हात धुऊन बघायला आला. बाईंनी बाकी काही बघितलं नाही. थेट मडगार्डपाशी गेल्या, चष्मा काढला, आणि तळवा त्या पोच्यात ठेवला. दाजींसारखाच, मान भलतीकडे वळवून. मी ब्रशचे केस उपटत उभा. दाजींचं तर विचारूच नका.

"मिस्त्री," बाई म्हणाल्या, "हा त्यांचा नाही."

दाजींची मान खाली गेली.

"ते जरा मागे टेकायचे. पाय लांब करून. हा पुढे आहे. हा अगदी कडेला बसणाऱ्या माणसाचा आहे." त्यांनी पुन्हा हात फिरवला, सावकाश. "हा तुमचा आहे. रोज बसत होतात?"

"रोज. साडेपाच ते सव्वासहा. कधी सात."

"कुणाची वाट बघत होतात?"

"मी?" दाजी गोंधळले. "कुणाची नाही. मी नुसता बसलो होतो."

"तेही हेच म्हणायचे," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या, आणि यातलं खरं कुठलं धरायचं ते मला कळेना. त्यांनी तळवा उचलला नाही. "राहू दे हा," म्हणाल्या. "वाट बघूनच पडलाय ना. राहू दे."

दाजींनी किल्ली दिली, मग गोणी दिली. बाईंनी गोणी उघडून प्रत्येक तुकड्यावरचं खडूचं अक्षर वाचलं, एका ठिकाणी शुद्धलेखनाची चूकही काढली, आणि ती गोणी मागच्या सीटवर नीट ठेवली. पहिल्या वळणापर्यंत मी मुद्दाम बघत राहिलो. त्यांनी ती फेकली नाही.

आता दुसऱ्या दिवसाचं सांगतो आणि थांबतो. साडेपाचला दाजींनी हातोडी ठेवली आणि फाटकाकडे निघाले. गाडीची जागा रिकामी होती. तिथे जाऊन उभे राहिले, मागे हात लावून बघितला, टेकायला काही नाही. आत आले. पुन्हा बाहेर गेले. अर्धा तास या माणसानं आत-बाहेर केलं. शेवटी मीच तो उलटा डबा पायानं ढकलत फाटकापर्यंत नेऊन ठेवला आणि परत आलो. दाजी त्यावर बसले.

सहा-दहाला ताई आली. अंगाभोवती शाल घट्ट लपेटलेली, गार वारा सुटला होता.

"अहो, गाडी गेली ना काल? मग इथे बाहेर काय करताय?"

"काही नाही," दाजी म्हणाले. "आत उकडतंय."

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी दार घासायला लागलो.